तिसऱ्या रांगेत कोण बसणार? सहा जणांच्या घरासाठी गाडी सुचवा (सातारा)

मुक्ता_शाहूनगर

नमस्कार मंडळी. गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून डोकं भणाणलंय, म्हणून शेवटी इथे विचारते.

घरात सहा माणसं. मी, नवरा, सासू-सासरे, आठ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. दारात जुनी स्विफ्ट आहे. गावी जायचं म्हटलं की सासरे सकाळच्या एसटीने पुढे आणि बाकीचे मागून, असं चाललंय. गाव पाटणच्या वर डोंगरात, शेवटच्या टप्प्यात डांबर शोधावं लागतं. शिवाय पुण्याला नणंदेकडे अधूनमधून, पालीचा खंडोबा, मांढरदेव, मे महिन्यात कुंभार्लीने कोकण. रोज मात्र गाडी माझ्याच हातात असते: शाळा, पोवई नाका, मंडई.

बजेट ऑन रोड १४ लाख, ताणून १५. नवऱ्याच्या मनात स्कॉर्पिओ-एन भरलीय. सासऱ्यांच्या लेखी इनोव्हा सोडून बाकी सगळे खोके. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत, त्यांना उंच पायरी नको. मुलीला घाटात गाडी लागते. आणि आमच्या घराकडे वळणारा बोळ चढाचा आहे नि अरुंद आहे, तिथे गाडी घालायची मला.

सहा सीट की सात? पेट्रोल, डिझेल की सीएनजी? सगळंच सांगा. "शेवटी तुम्हाला आवडेल ती घ्या" असं लिहिणाऱ्यांनी दुसरा धागा बघावा ही विनंती.

कंदीपेढा

अर्टिगा. विषय संपला.

स्टँडबाहेर पाच मिनिटं उभ्या राहा. वडापवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्यातच दिसतील. गावातला कुठलाही फिटर डोळे झाकून उघडेल आणि विकायला काढली की गिऱ्हाईक दारात.

घाटवाट

कंदीपेढा, अजून चहा पण आला नाही, विषय कसला संपवताय?

मुक्ताताई, आधी टेप घेऊन बोळ मोजा. लांबीला रेनोची ट्रायबर ४००० मिमीच्या आत, मारुतीची अर्टिगा ४४३५, कियाची कॅरेन्स ४५४०, टोयोटाची इनोव्हा क्रिस्टा ४७३५. रुंदीला ट्रायबर आणि अर्टिगा जवळपास सारख्याच, १७४० च्या आतबाहेर. कॅरेन्स १८००. हे आकडे आरसे सोडून असतात, म्हणजे दोन्हीकडे आणखी वीतभर धरा.

आता ज्याकडे कुणी बघत नाही ते. तिसरी रांग उभी केल्यावर डिकी उरते किती? ट्रायबरला ८४ लिटर, अर्टिगाला २०९, कॅरेन्सला २१६. म्हणजे साधारण तुमच्या स्विफ्टएवढीच. माणसं सहा झाली, पण बॅगांची जागा तेवढीच राहिली. आणि गावाहून येताना तुम्ही रिकाम्या येणार नाही हे सांगायला ज्योतिषी नको.

यात सीएनजी घेतलीत तर टाकी त्याच डिकीत बसते. तिसरी रांग आणि सामान दोन्ही एका वेळी विसरा. अर्टिगाच्या पेट्रोल इंजिनाची ताकद १०३ पीएस (साधारण अश्वशक्तीच), सीएनजीवर तीच ८८ वर येते. सपाटीला कळतही नाही. सहा माणसं आणि एसी घेऊन पुण्याहून येताना खंबाटकी चढायची किंवा कुंभार्ली उतरून परत वर यायचं, तेव्हा कळतं.

डिझेलचा मोह मलाही आहे. कॅरेन्सच्या डिझेलला २५० एनएमची ओढ आहे, भरल्या गाडीने घाट चढायला त्यासारखं सुख नाही. पण बीएस-६ (प्रदूषणाचे सध्याचे नियम) डिझेलला काजळी गाळणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो स्वतःला जाळून साफ करतो आणि त्यासाठी त्याला हायवेचा सलग तापलेला प्रवास लागतो. तुमचा रोजचा प्रवास शाहूनगर ते पोवई नाका, इंजिन तापायच्या आत शाळा येते. अधूनमधून पुणे आहे म्हणून चालून जाईल, पण पुण्याची फेरी चुकली की डॅशबोर्डवर दिवा लागणार.

टॅक्सचंही बघा. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर ११ टक्के, १० ते २० लाखांत १२. डिझेलला तेच १३ आणि १४. जुलै २०२५ पासून सीएनजीलाही १ टक्का वाढलाय.

बोलेरोवाला_पाटण

ताई, मी तुमच्याच भागातला. हितं बोलेरो सोडून दुसरं काय चालत न्हाई. पावसाळ्यात आमच्या वाडीला चढताना ह्या पुढच्या चाकावर ओढणाऱ्या गाड्या जागेवर फिरत बसत्यात, खालून दगड लागतोय ते वेगळंच. बोलेरोला चाक मागनं ढकलतंय, पत्रा जाड, टपावर कॅरिअर. आणि मागं पोरं समोरासमोर बसून गप्पा मारत्यात.

दोन_पोरांची_आई

बोलेरोवाले दादा, गाडी दणकट आहे यात वाद नाही, पण मागच्या त्या समोरासमोरच्या बाकड्यांवर मी माझी मुलं बसवणार नाही. सीटबेल्ट हा अंगाला समोरून-मागून सावरायला केलेला असतो. आडव्या बसलेल्या पोराला ब्रेक लागला की ते सरळ शेजारच्याच्या अंगावर नाहीतर पत्र्यावर जातं. बोलेरो निओलाही मागे आडव्याच सीटा आहेत आणि गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेच्या २०२४ च्या चाचणीत तिला पाचपैकी एकच तारा मिळालाय.

मुक्ता, तुझ्या यादीत मला एक गोष्ट दिसली नाही. चाइल्ड सीट. तीन वर्षांच्याला ती हवीच, आठ वर्षांचीला बूस्टर, म्हणजे गाडीचा पट्टा खांद्यावर नीट बसावा म्हणून खाली ठेवायची उंच बैठक. मोटार वाहन कायद्याच्या १९४ ब कलमाप्रमाणे चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा त्याच्या सीटशिवाय बसवलं तर हजार रुपये दंड आहे. साताऱ्यात कुणी अडवत नाही म्हणशील, पण दंडासाठी आपण हे करत नाही.

आता खरी गोम. चाइल्ड सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हुक सहसा मधल्या रांगेलाच असतात, तेही कडेच्या दोन जागांना. मागच्या रांगेत जायला मधली सीट पुढे दुमडावी लागते. तिच्यावर चाइल्ड सीट घट्ट बांधलेली असली की ती दुमडत नाही. मग काय, दर वेळी सीट सोडा, दुमडा, माणूस आत घाला, पुन्हा बांधा? दोनदा करशील, तिसऱ्यांदा लेकराला मांडीवर घेशील. म्हणून चाइल्ड सीट ड्रायव्हरच्या मागे, उजवीकडे. डावी बाजू, म्हणजे फुटपाथची बाजू, मागे जायला मोकळी. आधी हे पक्कं कर, मग गाडीचं नाव ठरव.

कंदीपेढा

आमच्या वेळी ओमनीत अकरा पोरं जायची शाळेला, त्याचं काय?

दोन_पोरांची_आई

त्यातली जी सुखरूप पोचली तीच आज इथे लिहितायत.

रिव्हर्स_गिअर

स्कॉर्पिओ-एनबद्दल. सुरक्षेला चांगली, २०२२ ला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे आहेत (मुलांसाठी तीन, हे जाहिरातीत बारीक अक्षरात असतं). मागून ढकलणारी, तुमच्या गावच्या वाटेला एकदम जमेल. पण पायरी उंच. तिसरी रांग उभी केली की डिकीत एखादी ऑफिसची बॅग मावेल. आणि १५ मध्ये बसवायचीच झाली तर अगदी खालचं व्हेरियंट. सासूबाईंना वर चढवायला रोज स्टूल घेऊन हिंडणार का?

सासऱ्यांना सांगा की इनोव्हाबद्दल ते शंभर टक्के बरोबर आहेत, पण नवी इनोव्हा तुमच्या बजेटच्या पार पलीकडे आहे. बरोबर आहात म्हटलं की ज्येष्ठ लोक निम्मे शांत होतात.

मुक्ता_शाहूनगर

हे स्टूलचं वाक्य जेवताना वाचून दाखवलं. सासूबाई खूश, नवरा गप्प.

बोळ मोजला. कॅरेन्स जाईल, पण वळणावर एका घराची पायरी बाहेर आलीय तिथे आरसा मिटावा लागेल. इनोव्हा तर वळणारच नाही, सासऱ्यांनी टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं होतं त्यामुळे आता तो मुद्दा निकालात निघाला.

प्रश्न: सहा माणसं आहोत तर सहा सीटवाली (मधे दोन वेगळ्या खुर्च्या) घ्यावी का? शोरूममध्ये सगळे तीच पुढे करतात. दोन खुर्च्यांच्या मधून मागे जाता येतं म्हणे.

हळदीचं_पोतं

सांगलीहून, विश्रामबाग. माझ्याकडे कॅरेन्स आहे, सात सीटवाली, आणि घरची शिरगणती हुबेहूब तुमच्यासारखी.

सहा सीटची घेऊ नका. खुर्च्या दिसायला राजेशाही, हाताला टेकू, सगळं खरं. पण हिशोब मांडून बघा. सहा सीट आणि सहा माणसं, म्हणजे एकही जागा शिल्लक नाही. तिसऱ्या रांगेत दोघांनी बसलंच पाहिजे. तुमच्या घरातले कोणते दोघे? सासूबाई नाहीत, गुडघे. धाकटा नाही, त्याची सीट मधे. सासरे पुढे बसणार, ते काही मागे जायचे नाहीत. उरल्या तुम्ही आणि मुलगी. आणि मुलीला गाडी लागते!

गाडी लागणाऱ्या पोराला तिसऱ्या रांगेत बसवणं म्हणजे उलटीला आमंत्रण. ती रांग मागच्या चाकांवर असते, वळणावर सगळ्यात जास्त तीच हेलकावते, खड्ड्यात सगळ्यात आधी तीच उडते. काच छोटी, ती उघडत नाही. समोर बघावं तर पुढच्या सीटची पाठ. कोळे नरसिंहपूरला जाताना सरळ रस्त्यावर काही होत नाही, पण पसरणी घाटात आमच्या पोरीने दुसऱ्याच वळणाला आलेपाक, लिंबू, ओवा सगळं हरवलं. मधल्या रांगेत आणली, काच चार बोटं खाली, नजर लांब रस्त्यावर. पाचगणी येईपर्यंत गाणी म्हणत होती.

म्हणून सात सीटवाली. मधे उजवीकडे चाइल्ड सीट, मधोमध मुलगी बूस्टरवर, डावीकडे दाराशी सासूबाई. मागे एकटं मोठं माणूस. तिसरी रांग निम्मी-निम्मी दुमडते, तर तिची एक बाजू आडवी करायची आणि त्यावर बॅगा, तांदळाचं पोतं, आंब्याची पेटी. डिकीच्या आकड्यांची भानगडच मिटली. सातवी सीट माणसासाठी नाहीच, ती सामानासाठी घ्यायची.

मागे बसणाऱ्याने आधी चढायचं, मग डावी सीट सरळ करायची, मग सासूबाई. उतरताना उलटं. हे सवयीचं होतं.

घाटवाट

हळदीचं पोतं, जोरदार! मला हे सुचलं नव्हतं.

फक्त दोन गोष्टी प्रत्यक्ष बघा. एक, मधोमधच्या जागेला खांद्यावरून येणारा पूर्ण पट्टा आहे की नुसता पोटावरचा. नुसत्या पोटपट्ट्यावर बूस्टर वापरायचा नाही. व्हेरियंट बदलला की हे बदलू शकतं, माहितीपत्रकावर विसंबू नका, हाताने पट्टा ओढून बघा. दोन, तीन जण शेजारी शेजारी मावतात का. इथे गाडीची रुंदी कामी येते. तुमची स्वतःची चाइल्ड सीट घेऊन जा. पाठ नसलेला बूस्टर कमी जागा खातो.

पुढे सासऱ्यांच्या मांडीवर नातू, हे मात्र कधीच नको. एअरबॅग फुगते तेव्हा मांडीवरचं मूल तिच्या आणि आजोबांच्या मधे असतं.

कंदीपेढा

एवढं सगळं अर्टिगातही होतं की. तिसरी रांग तिचीही निम्मी-निम्मी दुमडते, आणि कॅरेन्सपेक्षा स्वस्त.

रिव्हर्स_गिअर

होतं. अर्टिगाला आता सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटना आहेत, हे २०२५ पासून. कॅरेन्सला २०२२ ला बाजारात आली तेव्हापासूनच आहेत. तारे म्हणाल तर अर्टिगाला २०१९ ला तीन होते, आणि आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या, दोन एअरबॅगच्या भारतीय बनावटीच्या अर्टिगाला २०२४ च्या कडक चाचणीत एक. कॅरेन्सला २०२२ ला तीन, तेही जुन्या पद्धतीच्या चाचणीत. म्हणजे ताऱ्यांवरून दोघींपैकी कुणीच मिरवू नये. तारे बघूनच घ्यायची तर एक्सयूव्ही ७०० किंवा सफारी, पण मग बजेटचा धागा वेगळा काढावा लागेल.

ट्रायबरचं नाव आकड्यांपुरतंच निघालं म्हणून सांगतो. चार मीटरच्या आत आणि छोटं इंजिन असल्याने सप्टेंबर २०२५ पासून तिला जीएसटी १८ टक्के, अर्टिगा-कॅरेन्ससारख्या लांब गाड्यांना ४०. शहरात वापरायला मस्त, तिसऱ्या रांगेच्या सीटा काढून घरी ठेवता येतात. पण १ लिटरचं ७२ पीएसचं इंजिन आणि सहा माणसं घेऊन पाटणच्या वर? पहिल्या गिअरमध्ये निसर्ग बघत जायचं.

मिरजेचा_तंबोरा

१५ लाखांत जुनी इनोव्हा क्रिस्टा येते, असं कुणीतरी तुम्हाला लवकरच सांगेल. म्हणून आधीच लिहितो. घ्यायला हरकत नाही, पण आमच्या भागातून घेत असाल तर डोळ्यांत तेल घालून बघा. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५. २०२१ ला पुन्हा. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन पुसून कुठे कुठे गेल्या, देव जाणे.

पुराची गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. बाहेर राहणारा भाग सगळे धुतात, रिळात गुंडाळलेल्या भागावर गाळाची तपकिरी रेघ तशीच असते. मग पुढच्या सीटा मागे-पुढे सरकवून खालच्या पट्ट्यांवर नि बोल्टवर गंज बघा. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. काचा बंद करून एसी लावा आणि पहिला झोत हुंगा, कुबट वास लपत नाही. नुसतं परफ्यूमच भरपूर मारलेलं असेल तर तिथूनच परत फिरा.

आणि पिवळ्या पाटीची पांढरी केलेली नाही ना, हे आरसी आणि परिवहनच्या नोंदीत तपासा. ट्रॅव्हल्सला पळालेल्या गाडीचे सीट कव्हर नवे असतात, पण क्लचचं पेडल सांगतं.

नवी घेतलीत तरी विम्यात इंजिन प्रोटेक्ट जोडून घ्या. पाण्यात बंद पडलेली गाडी कुणी स्टार्टर मारून चालू करायला गेलं, इंजिनात पाणी शिरून ते बसलं, तर साधी पॉलिसी हात वर करते. साताऱ्याला पूर नाही म्हणू नका, कोकणात जाताय ना?

बोलेरोवाला_पाटण

बरं, बोलेरो र्‍हाऊ द्या. पण ताई, आमच्या वाटेवर भरल्या गाडीचं पोट टेकतं हे ध्यानात ठेवा. सहा माणसं बसवून एकदा खड्ड्यातनं घालून बघा, रिकामी टेस्ट ड्राइव्ह काय कामाची न्हाई.

मुक्ता_शाहूनगर

सगळ्यांचे आभार. काल सगळं घर घेऊन गेलो. आमची चाइल्ड सीट, बूस्टर, एक मोठी बॅग आणि सासऱ्यांनी हट्टाने घेतलेलं दहा किलोचं तांदळाचं पोतं. सेल्सवाला मुलगा सनरूफ उघडून दाखवत होता, सासरे त्याला म्हणाले, "ते वर आभाळ आहे ते माहितीय आम्हाला, मागची सीट दुमड."

सासूबाईंचं असं ठरलं: पाय आधी आत टाकायचा नाही. सीटकडे पाठ करायची, आधी टेकायचं आणि मग दोन्ही पाय उचलून आत. सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला असली की गुडघ्यावर भारच येत नाही. अर्टिगा आणि कॅरेन्स दोन्हीत जमलं. स्कॉर्पिओ-एनला त्यांनी लांबूनच नमस्कार केला.

मधल्या रांगेत तिघं बसवून बघितली. अर्टिगात मावली, पण सासूबाईंना पट्ट्याचं बक्कल लावायला बूस्टरखाली हात घालावा लागत होता. कॅरेन्सच्या जास्त रुंदीचा इथे फायदा झाला. मी एकटी मागे बसले, बाजूची सीट आडवी करून बॅग आणि पोतं. गुडघे थोडे वर येतात, पण खंडाळ्यापर्यंत तक्रार करणार नाही. तिथून पुढे नवऱ्याने मागे यायचं आणि मी चालवायचं, असं सर्वांसमोर कबूल करून घेतलंय.

कॅरेन्स, सात सीट, साधं पेट्रोल, मॅन्युअल. बोळातल्या पायरीवाल्या काकांना भेटून आले, ते म्हणाले आरसा मिटायला मी येत जाईन.

एक शेवटचं विचारते. गावी जाताना सहा माणसं आणि सामान असेल तर टायरमध्ये हवा किती भरायची? पंपावरचा मुलगा सगळ्यांना ३५ घालतो.

घाटवाट

अभिनंदन! ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर दिसेल. त्यावर साध्या वजनाची आणि पूर्ण भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी लिहिलेली असते, मागच्या चाकांची बघा. थंड टायरला भरायची, हायवेवर तापल्यावर नाही. आणि मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं, समोरच्याच्या डोळ्यांत लाइट जातो. स्टिअरिंगच्या आसपास हेडलाइट खाली करायचं छोटं चाक असतं, रात्री घाटात ते एक-दोन खुणा खाली घ्या.

कंदीपेढा

पेढे कधी?